शफाची निवळ

७ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात सिस्टर सिमोनाने माझ्या शफाला मोजायच्या फळीवर आडवं केलं. अकरा महिन्यांची पोर — तीन महिन्यांत जेमतेम एक सेंटीमीटर वाढली! वजनही मागे. मी निवांत सांगितलं, आमचं घराणंच बुटकं. अम्मा ठेंगणी, मी पाच फूट दोन.

सिस्टर वसईची, इथे परदेशातही आमच्याशी मराठीत बोलते. "इनायतभाई, तुमची उंची नंतर. ही खाते काय?"

निवळ, म्हणालो. मऊ भात शिजवून वरचं पाणी, चिमूटभर मीठ. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर बिस्मिल्ला म्हणून मी स्वतः करतो. मी ह्याच्यावरच वाढलो.

"म्हणजे पाणीच की. पोट भरतं, पण हाडाला काय मिळतं?"

अंडं, डाळ, मासा, तूप सांगितलं. दोन वर्षांच्या आत खाणं सुधारलं तर बरंच भरून निघतं, म्हणाली.

८ जानेवारी

रुकैया चार महिने हेच सांगत होती. अंडं मीच अडवलं — दात नाहीत, पचणार नाही. आजही तिला विचारलं, मी कधी आजारी पडलो का?

"नाही पडलात. पण वरच्या फळीवरचा डबा मलाच काढावा लागतो."

बायको माझ्याहून चार बोटं उंच.

९ जानेवारी

ठीक आहे. महिनाभर त्यांचं ऐकू.

२० जानेवारी

कामावरून येताना इथला हमूर मासा आणला. काटा राहू नये म्हणून बोटांनी दोनदा चाचपला. शफाने वाटी संपवली, आणखी हवं म्हणून हात पुढे केला! अल्लाचा शुक्र. निवळीसाठी तिने कधी हात पुढे केला नव्हता.

११ फेब्रुवारी

पावणेदोन सेंटीमीटर! तक्त्यावरची रेघ वर वळली. मागचं सगळं भरेलच असं नाही, सिस्टर म्हणाली. मला मात्र शंका नाही. माझ्याहून थोडी उंच झाली तरी आमच्या घराण्यात पुष्कळ.

१३ फेब्रुवारी, जुम्मा

अम्माला गावी फोन केला. घराणं बुटकं असूनही पोर वाढतेय, म्हणालो.

"बुटकं कोण? तुझा बाप दारातून वाकून यायचा." मी तान्हा असतानाच ते वारले, मला चेहराही आठवत नाही. "तू झालास तेव्हा चांगला लांब होतास. मग तो गेला, माझं दूध आटलं. निवळीशिवाय घरात होतं काय?" मग तिनेच विचारलं, "माझं चुकलं का रे?"

नाही अम्मा, म्हणालो.

स्वयंपाकघरात गेलो. रुकैयाला म्हटलं, चूक माझी होती.

तिने नळ बंद केला. "परत बोला."