निरोगी म्हणून दिलेलं रक्त

२१ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय दादा,

छोटीचा नमस्कार, वहिनीलाही. मी बरी आहे. हे पत्र आईच्या हाती देतेय. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि मला रडू फुटतं, म्हणून लिहायला बसले.

बरी आहे हे खोटं.

आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागतं. मग आमच्यातलंच कुणीतरी बाही वर करतं. जुलैत मी केली. लहानपणीचे दोन न्यूमोनिया सांगितलेच नाहीत. कोण एवढं लक्षात ठेवतं!

रक्तातल्या मदतनीस पेशी आधी कोऱ्या असतात. कुठली जनुकं उघडतात, कुठली मिटतात, यावर त्या पुढे काय होणार ते ठरतं. त्यातला एक प्रकार कातडीत, फुप्फुसात जंतू शिरले की इतर पेशींना हाका मारतो. माझ्या नळीत तो जवळजवळ नव्हताच. माझंच काहीतरी चुकलं म्हणून नळी फेकून दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी जनुकांची तपासणी करायला लावली. तो प्रकार घडवणारं मुख्य जनुकच माझ्यात बिघडलंय. बहुधा बाबांकडून आलंय. त्यांच्या छातीत पू झाला होता ना, तो उगाच नव्हता.

म्हणजे तुझ्यातही असू शकतं. आणि तुझ्या लेकीत, पिल्लूतही.

दादा, तिच्या मानेवरचं ते गळू! वहिनी म्हणाली, "गरम नाही, दुखत नाही, मग कशाला घाबरायचं?" अगं बाई, त्याचीच तर भीती! हाक मारणारंच कुणी नसेल तर ताप येणार कुठून? काल म्हणाली, पिल्लूला खोकला आहे पण ताप नाही, शाळेत पाठवलंय. मी लगेच बाईंना गाठलं.

मला हे गेले दोन महिने माहीत आहे. माझं ठरलेलं लग्न मोडेल म्हणून गप्प बसले. तुमच्याकडे आले होते त्या रविवारी गळवाला मलम मीच लावलं, "काही नाही गं" म्हटलं. रिपोर्ट तेव्हा माझ्या पर्समध्ये होता.

आई पोचली की तसाच ऊठ, पिल्लूला शाळेतून घे आणि मोठ्या हॉस्पिटलात ने. बाईंनी तिथे बोलून ठेवलंय. औषधं आहेत रे, वेळेत मिळाली तर मुलं मोठी होतात. छातीचा फोटो काढायलाच लाव. ताप नाही म्हणून घरी पाठवायला लागले तर हलू नकोस. मी हॉस्पिटलच्या दारातच उभी असेन. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी तिला आण.

तू म्हणू दिलंस तर अजूनही पिल्लूची आत्या,
छोटी