वरठीपर्यंतची भिंगरी

तीर्थरूप टेकचंद भाऊजींच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे लक्ष्मणचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात वाकलो.) आमच्या ताईची शुगर, तुमचे गुडघे आणि रत्नागिरीची हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे धान कापून झालं, तलावात पाणी आहे, सगळे मजेत. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच हसता आणि मुद्दा राहून जातो.

मुद्दा हा, की मरायच्या आधी एकदा समुद्र पाहायचा म्हणून तुमच्याकडे निघालेला मी अजून का पोचलो नाही. नातू विक्की म्हणतो, सारखं फिरायला निघायच्या या आजाराला इंग्रजीत मोठं जड नाव आहे. आमची रुखमिणी म्हणते, "तुमच्या पायाले भिंगरी लागली जी!" मला तिचाच शब्द पटतो. भिंगरी कितीही जोरात फिरली तरी जागा सोडत नाही, आणि माझंही तेच झालं आहे.

पहिल्यांदा निघालो, तर शेजारच्या उषाबाईनं फाटकातच गाठलं. "कुठी जाऊन राहिले, भाऊ?" झालं! निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारलं की कामाचा विचका होतो, अशी आमच्या घरात पक्की समजूत. अपशकुन उतरावा म्हणून रुखमिणीनं आत नेऊन बसवलं, पाणी पाजलं, तेवढ्यात गाडी गेली. दुसऱ्यांदा तलावाच्या पाळीवरून गुपचूप निघालो, तर जाळी टाकणाऱ्यांनी पाण्यातूनच ओरडून तेच विचारलं. तिसऱ्यांदा मात्र अक्कल लढवली. रुखमिणीकडून कपडे युरियाच्या रिकाम्या थैलीत भरून घेतले, म्हणजे लोकांना वाटावं, गडी गिरणीवर चालला. कोणी हटकलं नाही! पोचवायला म्हणून रुखमिणीही वरठीच्या स्टेशनापर्यंत आली (तेही नवं लुगडं नेसून, तिथे कोण बघणार होतं देव जाणे). छाती फुगवून तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलो, तर आतला माणूस विचारतो, "कहाँ जाना है?"

रुखमिणीनं माझी बाही ओढली. बाकावर बसलो, पाणी प्यालो, पुन्हा रांगेत लागलो. पुन्हा तोच प्रश्न. त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याचं कामच ते. मागचे लोक खेकसायला लागले आणि गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. भाऊजी, हसू नका, मला खरोखर रडू आलं. पाय चालतात तोवरच समुद्र आहे.

तर विनंती अशी, की तिकीट तुम्हीच काढून पाठवा, म्हणजे खिडकी टळेल. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
लक्ष्मण

ता. क. तिकीट एक नको, दोन काढा. आज ती थैली उपसली, तर माझ्या धोतरांच्या खाली रुखमिणीची दोन लुगडी आणि नव्या चपला निघाल्या. साऱ्या गावानं मला विचारलं, पण मी तिला काही विचारलंच नव्हतं.

आणखी एक ता. क. आत्ताच चुलीपाशी जाऊन तिला विचारलं, "माह्यासंग येते का वं?" ती पटकन बोलून गेली, "कुठी?" आणि लगेच जीभ चावली. मग दोघंही खाली बसलो, पाणी प्यालो. तांब्या ठेवून म्हणाली, "हं, आता इचारा."