सातवा रकाना

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहायचं. थोरले गेले त्याला आज महिना झाला. या खोलीत एकोणीस वर्षं आम्ही दोघंच. सगळं ऑफिस त्यांना थोरले आणि मला धाकटे म्हणायचं. दुःख घरी, काम ऑफिसात, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. माझ्या बाबतीत सहज जमलं.
मेनफ्रेमवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, नवीन प्रोसेस सर्व्हर उभा करायचाय. विम्याचे दावे आजवर टेबलाटेबलावरून फिरायचे, ते आता मशीनमधून फिरणार. त्यासाठी सर्व्हरचं प्रोफाइल करायचं, म्हणजे त्याने कुठे राहायचं, काय वाचायचं, कुणाच्या नावावर चालायचं, ते फॉर्ममध्ये भरायचं. रकाने चाळीस. मुदत वीस तारीख. मला तीन दिवस पुरे.

५ मार्च
प्रोफाइल झालं. सर्व्हर उठला आणि लगेच बसला. मेसेज: आयडीला परवानगी नाही.
आयडी-परवानग्या बघणाऱ्या सिक्युरिटीच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, तुमच्या परवानग्या सगळ्या जागेवर आहेत. बाईंना नीट बघायची सवय नाही.

७ मार्च
प्रोफाइल पुसून नव्याने केलं. तेच. मॅन्युअल आठशे पानांचं. लिहिणाऱ्याने सर्व्हर लांबूनही पाहिलेला नसावा.
थोरल्यांची खुर्ची आज स्टोअरला पाठवायचं ठरवलं होतं. पण माझ्या मागून एसीचा झोत येतो, तो तिच्यामुळे अडतो. राहू दिली.

११ मार्च. दुपारी
साहेबांनी बोलावलं. वीसपर्यंत सर्व्हर चालला नाही तर काम बाहेरच्या कंपनीकडे, खोली रेकॉर्ड विभागाला आणि मी ट्रेनिंगला. थोरल्यांशिवाय जड जातंय का, असंही विचारलं. म्हटलं, छे, त्यांचा काय संबंध. ते नुसते मागे बसायचे. फॉर्म पाठवण्याआधी मी मोठ्याने वाचायचा, ते पेन्सिलीने खुणा करायचे, एवढंच. ती पद्धत मी बंद केली. रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचणारा माणूस बरा दिसत नाही.

१४ मार्च
चौथं प्रोफाइल. बसलं.
बायको म्हणाली, काल झोपेत तुम्ही 'वाचतो, वाचतो' म्हणत होता. म्हटलं, वाचनाची आवड आहे. तिने ताट उचललं.

१७ मार्च
बाईंविरुद्ध तक्रार लिहिली. दोन पानं. परवानग्या मुद्दाम अडवून धरल्याचा स्पष्ट उल्लेख. पाठवली.

१८ मार्च
सहावं. बसलं. उद्यापासून शांत राहायचं.

१९ मार्च. दुपारी ४
तक्रार हातात घेऊन बाई स्वतःच वर आल्या. म्हणाल्या, दोन पानं छान लिहिलीत, आता फॉर्म दाखवा. थोरल्यांच्या खुर्चीकडे वळल्या तशी मी त्यांना माझी दिली. त्यांनी पेन काढलं. म्हणाल्या, वाचा, मी खुणा करते.
उभ्यानेच वाचायला लागलो. एक ते सहा बरोबर. सात: मालकाचा आयडी. वाचला. परत वाचला.
थोरल्यांचा होता. त्यांच्या वेळी प्रत्येक सर्व्हर त्यांच्याच नावावर असायचा. बाई हळू आवाजात म्हणाल्या, हा आयडी मी दहा फेब्रुवारीला बंद केला. अर्जावर सही तुमचीच आहे. जुने सर्व्हर तेव्हाच तुमच्या नावावर केलेत.
सहाही प्रोफाइलांचे फॉर्म काढून पाहिले. सहाही वेळा तेच भरलंय. हाताने सवयीने भरलं, मी पाहिलंच नाही.
सातव्या रकान्यात माझा आयडी टाकला. अकरा मिनिटांत सर्व्हर उठला. बसला नाही. बाई म्हणाल्या, बाकीचे तेहतीस रकाने उद्या वाचू. तक्रारीची दोन पानं टेबलावर ठेवून गेल्या.

संध्याकाळी ६
थोरल्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. अर्धा तास बसलो. एसीचा झोत तिथे येतच नाही.