राष्ट्रगीताच्या वेळचा चहा

बेलफास्ट,
रविवार, चर्चमधली मिसा आटोपून, जेवणाआधी

प्रिय मित्र नॉर्मन यास,

मॅलकीचा नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो, कारण नसती तर तुझ्या मुलीचा फोन आला असता (तुझा स्वतःचा तर मुळीच आला नसता). कॅनडात अजून बर्फ आहे का, की वितळलं? इथं पाऊस आहे, पण ते काय लिहायचं. माझं म्हणशील तर रक्तदाब गोळीवर, गुडघे देवावर आणि स्वयंपाक माझ्या स्वतःच्या हातचा, म्हणजे तोही देवावरच. पत्र लिहिण्याचं तसं काही कारण नाही. मला तुझ्याकडून काहीही नकोय. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू सवयीनं शेवटचं पान आधी वाचायला घेशील. आपण दोघं कामाला होतो त्या बेकरीत पेपर आला की तुझं तेच असायचं, आधी निधनवार्ता, आज आमच्या कॅथलिकांतले किती गेले आणि तुमच्या प्रॉटेस्टंटांतले किती, आणि मग भट्टीवरून मोठ्यानं ओरडून मला निकाल सांगायचास.

तर बातमी अशी की आमची ब्रोना, फेलिमची मुलगी, जी लहानपणी तुझ्या दारावर चेंडू मारून तुझी झोपमोड करायची, तिला राष्ट्रीय फुटबॉल संघात घेतलंय. कुठल्या राष्ट्राच्या ते ऐक आणि आधी खुर्चीत बस. उत्तर आयर्लंडच्या. हो, तुमच्या. तुला माहीतच आहे, इथं जन्मलेल्या पोरांना दोन्हीकडून खेळता येतं, आणि आमच्या गल्लीत ज्याचे पाय बरे चालतात तो सरळ डब्लिनचा, आयर्लंडच्या संघाचा, रस्ता धरतो. हिलाही तिकडून विचारणा होती. ही म्हणाली, ‘विंडसर पार्कच्या मैदानावर मी घरून चालत जाते, डब्लिनला बसमध्ये मला उलटी होते.’ संपलं! चारशे वर्षांचं भांडण पोरीनं बस लागते म्हणून निकालात काढलं. शर्ट दोन्ही संघांचे हिरवेच, पण आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा पलीकडच्या फुटपाथवरून सांगतात, दोरीवरचा हिरवा कुठला. म्हणून तिचा शर्ट मी न्हाणीघरात वाळवला. तीन दिवस वाळला नाही आणि शेवटी कुबट वासासकट सरावाला गेला.

गल्लीत काय बोलत होते ते विचारू नकोस. मागच्या रविवारी चर्चच्या दारात कॉर्नेलियसनं गाठलं मला. कॉर्नेलियस म्हणजे आमचा मेणबत्त्या लावणारा, घंटा वाजवणारा आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या आत्म्यावर देखरेख ठेवणारा. म्हणाला, ‘मॅलकी, तुझी नात इंग्लंडच्या राजाच्या पोरींत जाऊन बसली म्हणे.’ मी म्हटलं, ‘बसली नाही रे, उजव्या बगलेला पळते.’ त्याला विनोद कळला नाही. कधीच कळत नाही.

पण खरा तमाशा घरात. फेलिम आता मोठा वकील झालाय, मॅलोन रोडला घर, दारात दोन गाड्या, बागेत नुसतंच कापायचं गवत. (त्याच्या बापानं जन्मभर त्याच रस्त्याला मागच्या दारानं पाव पोचवला, हे तो शेजाऱ्यांना सांगत नाही, मीही सांगत नाही.) मला वाटलं होतं, हा धर्म काढील. त्यानं धर्म काढलाच नाही. म्हणाला, ‘बाबा, फुटबॉलला कसली माणसं येतात तुम्हाला माहितेय. रग्बी बघा, दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसतात, एक शब्द वावगा नाही.’ मी म्हटलं, ‘बसतील नाहीतर काय, सगळ्यांची घरं एकाच रस्त्यावर आहेत, पोरं एकाच शिकवणीला जातात!’ रग्बीवाल्यांना तर राष्ट्रगीताऐवजी गाणंसुद्धा मुद्दाम बनवून दिलंय, कोणाच्याच भावना दुखावणार नाहीत असं, त्यामुळे ते कोणाला आवडतही नाही. भांडण परवडत नाही ते भाड्याच्या घरातल्यांना, आणि करतातही तेच. असो. फेलिमनं सांगून टाकलं, त्या दिवशी त्याचं अशिलांबरोबर जेवण आहे, तो येणार नाही. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती.

मग ती दोन तिकिटं घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ‘आजोबा, राष्ट्रगीताला, म्हणजे राजाच्या गाण्याला, बाकीच्या पोरी गातील. मी गाणार नाही. मान खाली घालून उभी राहीन, आमच्यातले सगळे तसंच करतात. पण तेवढा वेळ नुसतं गवताकडे काय बघायचं हो? हजार डोळे माझ्या तोंडाकडे, ओठ हलतात का बघायला. मी एकदाच वर बघेन. तेव्हा तुम्ही दिसायला हवेत. उभे राहा, बसा, डोक्यावर उभे राहा, पण जागेवर दिसा.’ मी म्हटलं, ‘वेडी का तू, दिसेन की.’ शब्द दिला, नॉर्मन, अगदी डोळ्यात डोळे घालून.

आता जायचं कसं? काळ्या टॅक्सीत बसलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, मैदानाजवळच्या हॉस्पिटलला सोड. त्यानं आरशातून बघितलं. म्हणाला, ‘काका, मॅचच्या दिवशी या हॉस्पिटलात आपल्या वस्तीतले लोक फार आजारी पडतात बघा.’ मी खोकलो. त्यानं मला फाटकापाशी सोडलं, हॉस्पिटलच्या नव्हे, मैदानाच्या, आणि वर म्हणाला, पेशंटला लवकर बरं वाटो.

आत गेलो. तू आणि मी शेवटचे गेलो त्याला किती वर्षं झाली सांग बरं. खुर्च्या आल्यात रे सगळीकडे, आपली ती उभं राहायची पायरी गेली. माझ्या एका बाजूला हेदर नावाची एक बाई, तुमच्यातली, आवाज भट्टीच्या भोंग्यासारखा, मांडीवर सँडविचचा डबा. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. तिनं विचारलं, ‘कोणी यायचंय का इथं?’ माझ्या तोंडून निघून गेलं, हो, वाटेत आहे, कॅनडाहून. ती म्हणाली, ‘मग जरा वेळ लागेल,’ आणि मला अंड्याचं सँडविच दिलं. चांगलं होतं. मीठ कमी.

तेवढ्यात संघ बाहेर आले. ब्रोना ओळीत शेवटून तिसरी, केस घट्ट बांधलेले, एवढीशी. आणि कर्ण्यातून आवाज आला की राष्ट्रगीतासाठी कृपया उभे राहा. नॉर्मन, मी शपथेवर सांगतो, मी काहीही ठरवलं नव्हतं. माझे पाय उठले. डोकं म्हणत होतं, अरे बस, शब्द दिलायस, आणि पाय जिन्यावरून खाली चहाच्या टपरीकडे निघाले. तूच लावलेली सवय ती. दर मॅचला संघांची ओळ लागली की तू पुढं बघत म्हणायचास, ‘मॅलकी, जरा चहाचं बघतोस का?’ आणि मी जायचो, आणि दोन कप घेऊन येईपर्यंत गाणं संपलेलं असायचं. इतक्या वर्षांत तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. पुढे त्या पायरीवरची गाणी बदलली, आमच्या लोकांच्या नावानं शिव्या असलेली गाणी आली, आणि मी म्हटलं मी येत नाही आता. तर तू म्हणालास, माझीही कंबर दुखते. तेव्हा पस्तिशीही ओलांडली नव्हतीस रे! कसली कंबर! पुन्हा कधी एकटाही गेला नाहीस.

बरं, टपरीवर काय बघतो तर ही रांग! सगळे पुरुष, सगळे माझ्या वयाचे, आणि एकालाही चहा नकोय. कोणी बिस्किटांच्या किमती वाचतोय, कोणी बुटाची नाडी सोडून परत बांधतोय. टपरीवाली पोरगी म्हणाली, ‘यातलं खरंच चहासाठी कोण आलंय, ते पुढं या.’ कोणी हललं नाही. आणि रांगेच्या टोकाला, कोटाच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून, गळ्यात संघाचा मफलर, कोण असेल? कॉर्नेलियस! आमचा घंटेवाला! त्यानं मला बघितलं, मी त्याला. तो म्हणाला, ‘मी हॉस्पिटलला आलो होतो.’ मी म्हटलं, मीपण. मग त्यानं मान खाली घालून विचारलं, ‘उजव्या बगलेला ना ती?’ आणि मला एकदम आठवलं मी कुठं असायला हवा होतो ते.

चहा घेतला आणि पळालो (गुडघ्यांना पळणं म्हणता येईल तेवढा). जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचलो तर तिथल्या स्वयंसेवकानं हात आडवा केला, गाणं संपेपर्यंत इथंच थांबा. झालं. राजाच्या गाण्याला मी जन्मात पहिल्यांदा उभा राहिलो, तोही वाटेत अडवल्यामुळे, दोन्ही हातांत एकेक चहा घेऊन. दोन कप, नॉर्मन. मी दोन घेतले होते. रिकाम्या खुर्चीसाठी. हे तिथं उभं असताना माझ्या लक्षात आलं आणि खरं सांगतो, मला तुझी इतकी आठवण आली की चहा सांडला, शेजारच्या माणसाच्या झेंड्यावर.

जागेवर येऊन बसलो तर हेदर म्हणते, ‘अहो, ती बारा नंबरची पोरगी सारखी इकडे बघत होती. गाणं चालू झाल्यापासून संपेपर्यंत. या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे. कोणाची हो ती?’ मी म्हटलं, ‘माझी.’ ती म्हणाली, ‘मग तुम्ही होता कुठं?’ मी म्हटलं, चहाला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या कपांकडे बघितलं, आणि सगळं समजली असावी. तुझा कप घेतला आणि प्यायली. मला तो तिला द्यावा लागला याचं वाईट वाटलं, हेही लिहून टाकतो.

आपण दोन गोलनी हरलो. (बघ, ‘आपण’ लिहून गेलो. राहू दे.) ब्रोना छान खेळली, पहिल्या अर्ध्या तासात पाय जड होते, मग सुटली. मॅच संपल्यावर कठड्यापाशी आली, घामानं निथळत. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, ‘आजोबा, मला वाटलं तुम्ही आलाच नाहीत.’ मी म्हटलं, चहाला गेलो होतो बाळा. ती म्हणाली, ‘हो का,’ आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, थंडी होती म्हणून. घरी पोचतो तोच फेलिमचा फोन. ‘बाबा, तुमची जागा रिकामी का होती?’ म्हणजे अशिलांचं जेवण टीव्हीसमोर चाललं होतं तर!

असं सगळं. बाकी क्षेम. तुझ्या मुलीला आशीर्वाद, जावयाला नुसता नमस्कार. पथ्य पाळ, लोणी कमी खा. बर्फावर चालायला जाऊ नकोस.

तुझा,
मॅलकी

ता. क. त्या मेपलच्या झाडाचा पाक पाठवू नकोस. मागची बाटली अजून संपलेली नाही. अगदी द्यायचाच असेल तर पोस्टावर भरवसा नाही, येताना आण.

आणखी एक ता. क. ‘येताना’ म्हणजे यायलाच हवं असं नाही. पण ऑक्टोबरात पुढची मॅच आहे आणि ब्रोनानं तिकिटं पुन्हा दोन सांगून ठेवली आहेत. फेलिम येईन म्हणतो. कॉर्नेलियसही आडून आडून विचारून गेला. पण विचार कर, आमच्यातला कोणीही शेजारी बसवला तरी कर्णा वाजला की तो माझ्याबरोबर टपरीवर येणार, आणि पोरीला परत दोन रिकाम्या खुर्च्या दिसणार. मला उभा राहणारा माणूस हवाय. तू तुझा उभा राहा, नेहमीसारखा, हवं तर गा. मी तुझी बाही धरून बसून राहीन. एकट्याला नाही जमणार, नॉर्मन. मी घरी खुर्चीत बसून, रेडिओवर ते गाणं लावून सराव करून बघितला. स्वयंपाकघरात पोचलो होतो.

शेवटचं. कंबर दुखते म्हणू नकोस. ब्रोनाला मी हा बेत सांगितला, तर ती हसायला लागली, परवाच्या मॅचपासून पहिल्यांदा. म्हणाली, ‘एक उभा आणि एक बसलेला, मग मी बघू कोणाकडे?’ मी तिला म्हटलं, आधी तो येतोय का ते तर कळू दे.