चिमूटभर राख

३ जानेवारी, सातारा
नवं वर्ष, नवा यशराज. आजपासून पहाटे पाचला लॅबमध्ये. उसाच्या चिपाडाच्या राखेतून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण काढायचे, त्यांच्यात कॅन्सरचं औषध भरायचं आणि नेमकं गाठीपाशी सोडायचं, ही माझी पीएच.डी. कण झालेत. औषध गच्च भरलंय. फक्त ते बाहेर येत नाही. किरकोळ बाब.
उठलो साडेनऊला. थंडी.

९ जानेवारी
चुलतभाऊ जयराजदादाने आष्ट्यात चौकात माझा फ्लेक्स लावला. 'कॅन्सरवर औषध शोधणारे आपले सुपुत्र.' हे चुकीचं आहे, काढायला सांगणार. पण फोटो बरा आलाय.

१४ जानेवारी, आष्टा
संक्रांत. आई गेल्यावर मला शालूकाकूंनी वाढवलं. त्यांच्या छातीत गाठ आहे, मिरजेला केमो चालू होती. होती! म्हणाल्या, "आता कशाला जायचं मिरजंला? घरातच औषध निघतंय. तवर गुऱ्हाळातली राख घेतीया, चिमूटभर, मधातनं."
दिवाळीत राखेची फुशारकी मीच मारली होती. खरं सांगणारच होतो, पण हातावर तिळगूळ पडला. सणाला कडू कसं बोलायचं?

१६ जानेवारी
मी नालायक आहे. फोन केला. रेंज नव्हती.
खोटं. फोन लागला होता. हवापाणी विचारून ठेवला.

१९ जानेवारी
गाइड मॅडम चिडल्या. म्हणाल्या, कण बशीतल्या पेशींपर्यंत पोचतोय, पण पोटातलं सोडत नाही, मग उपयोग काय? मला उगाच टोचलं.

२१ जानेवारी, आष्टा
सांगितलं. काकू, माझं औषध अजून उंदरालाही दिलेलं नाही. वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही.
काकू म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्या सुईचं लय भ्या वाटतंय रं. तुझ्या औषधाचं नाव काढलं की कुणी मिरजंला चल म्हणत न्हवतं."
मग राख का खाल्लीत?
"तुझी हाय म्हटल्यावर वाटलं, लागू पडंल बी."
खूप रडलो. काकूंनीच चहा केला.

२३ जानेवारी, मिरज
सोबतीला मीच. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मी खाली बघितलं. काकूंना सुई लावताना मला घेरी आली. शेजारच्या कॉटवर आडवं केलं.
नर्सने विचारलं, हे कोण?
काकू म्हणाल्या, "पुतण्या हाय. शिकतोय अजून."