काळ्या कागदातली बाटली

मुलुंड, १२ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप आईस मालनचा नमस्कार. काल झालं ते असं:

१. दशरथच्या फुप्फुसातला रक्तदाब उतरावा म्हणून त्याला सलाईनमधून औषध लावलं होतं. दाब उतरला तरच परदेशात त्याला नवं हृदय बसवतील. नाहीतर तेही दमून बंद पडेल.

२. हे औषध उजेडाने खराब होतं, म्हणून बाटलीला मी काळा कागद गुंडाळला होता.

३. नानाकाका म्हणाले, "काळ्यात काय लपवलंस गं? करणी करतेस भावावर?" त्यांनी कागद फाडला, बाटली भिंतीवर फोडली, नर्सला थोबाडीत मारली. मी मधे पडले तर सलाईनचा लोखंडी स्टँड माझ्या डोक्यात घातला.

मला टाके पडलेत, दुखत नाही. दशरथची सुई उपटली गेली, गादी रक्ताने भिजली. आज मात्र पेज मागून प्याला.

काका तुझ्याकडेच आले असतील. काचेने त्यांचाही हात कापलाय, बांधलाय ना नीट?

दाब उतरायला लागला होता, आई. औषध पुन्हा लावायचं आहे. दशरथ म्हणतो, "आई हो म्हणाली तरच." काकांचं ऐकून घे, पण ठरव तू. बुधवारपर्यंत तार कर.

तुझी,
मालन