गिझरमध्ये दोष नव्हता

प्रिय चिमणे,

फोनवर मी तुला सगळं ठीक आहे म्हणते, कारण तेव्हा तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात. आत्ता ते आत झोपलेत, म्हणून दुकानातल्या टेबलावर बसून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून माझी बोटं पेनाला बुजायला लागलीत.

दुकान जेमतेम चालतं. पंपांच्या जळालेल्या मोटरी येतात, मी जुनी तार उपसून नवी भरते आणि बाबा लांबून सूचना देतात. त्यांच्या छातीत ती डबी बसवली तेव्हा तू इथे होतीस. हृदय विजेच्या बारीक इशाऱ्यांवर चालतं, ते इशारे भरकटले की डबी शॉक देऊन त्यांना वळणावर आणेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोठं लोहचुंबक, वेल्डिंग, चालू मोटर यांच्यापासून लांब राहा, हेही तू ऐकलंस. पण तू गेल्यावर त्यांनी काय केलं ते मी तुला सांगितलेलं नाही. माळ्यावरून तुझं शाळेतलं होकायंत्र काढलं, टेबलावर दुकानातलं सगळ्यात दांडगं चुंबक ठेवलं आणि मला होकायंत्र घेऊन मागे मागे सरकायला लावलं. सुई चुंबकाचा नाद सोडून उत्तरेला वळली, तिथे खडूची रेघ मारायची. मग स्वतः त्याच्या दुप्पट अंतरावर दुसरी रेघ मारली आणि तिच्यापलीकडे स्टूल टाकलं. म्हणाले, "चुंबकाचा दरारा जवळच्यांपुरता. चार पावलं लांब गेलं की त्याला कोण विचारतं?" गिऱ्हाइकं म्हणायची, मालक रुसलेत का? ते म्हणायचे, रुसलो नाही, चुंबकाशी सोयरीक मोडलीय.

तू लहान असताना कागदावर लोखंडाचा कीस पसरून त्यांनी तुला चुंबकाच्या रेघा दाखवल्या होत्या. कीस नव्हता तेव्हाही रेघा होत्या का, असं तू विचारलं होतंस. किती वर्षं तो प्रश्न ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते! परवा पुन्हा डॉक्टरांना सांगितला.

डॉक्टरांकडे का गेलो, ते आता लिहायलाच हवं. गेल्या महिन्यात बाबा आंघोळीला गेले आणि आतून ओरडले, "मेन बंद कर! गिझर शॉक देतोय!" मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अंगाला टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनीच ते टेस्टर आणि मीटर घेऊन बसले. गिझर उघडला, तार न् तार तपासली. अर्थिंग नीट, कुठे गळती नाही. पुन्हा मोजलं. माझ्याकडे न बघताच पुटपुटत होते, "वीज कुठून तरी शिरायला हवी आणि कुठून तरी निघायला हवी. त्याशिवाय सर्किट पुरं कसं होईल?" मग एकदम हात छातीवर गेला. मीटर हळूच खाली ठेवून म्हणाले, "अगं, गिझर चांगला आहे. शॉक आतूनच आला."

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी, चहा घेताना, एकापाठोपाठ एक शॉक बसायला लागले. बाबा पूर्ण शुद्धीवर. प्रत्येक वेळी अंग उसळायचं आणि मधल्या वेळात ते माझ्याकडे असे बघायचे, की काय सांगू तुला. मी त्यांना धरून बसले होते, तर माझ्याही तळहाताला मुंग्या आल्या. दवाखान्यात नर्सनं आल्याआल्या एक गोल चुंबक त्यांच्या छातीवर ठेवलं आणि शॉक थांबले. मी ओरडणारच होते, चुंबक काय ठेवताय म्हणून. ती म्हणाली, "काकू, चुंबक असेपर्यंत डबी शॉक देत नाही. तेवढ्यात औषध लागू पडू दे." ठोके ताळ्यावर आले. बाबांनी मात्र त्या अवस्थेतही चुंबक कसलं आहे ते विचारलंच.

डॉक्टर नंतर शांतपणे बोलले. हृदयाचा स्नायूच थकलाय. डबी धक्के देत राहील, पण थकलेलं हृदय त्यानं ताजं होणार नाही. घरी आलो, आणि चिमणे, ज्या माणसाला मी उभ्या आयुष्यात विजेला भ्यालेलं पाहिलं नाही, तो पुढचा शॉक कधी बसेल म्हणून खुर्चीचे हात घट्ट धरून बसायला लागला. आंघोळ नको, जिना नको, झोप नको. मी पाठीवर हात ठेवला की म्हणायचे, "लांब हो, तुला लागेल." काही होत नाही असं डॉक्टरांनी सांगूनही ऐकलं नाही. एका घरात आम्ही दोघं सुटे सुटे वावरत होतो.

मग त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, हे शॉक बंद करता येतात का? डॉक्टरांनी बंद केल्यावर काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगितलं, विचार करायला वेळ दिला, मलाही वेगळं बसवून विचारलं. मी आधी नाही म्हणाले. भांडले, जेवले नाही. बाबा म्हणाले, "जगायला मी कंटाळलो नाही गं. पण असं जगणं म्हणजे नुसतं वाट बघणं." मग मी दोघांची ताटं वाढली आणि त्यांच्याबरोबर जेवले.

काल सकाळी शॉक बंद केले. कापाकापी काही नाही. छातीवर एक चकतीसारखं यंत्र टेकवलं आणि पडद्यावर काही बटणं दाबली. बाबांनी विचारलं, "झालं?" झालं होतं. आता ठोके पुन्हा भरकटले तर अडवायला काही नाही. ते आज होईल की सहा महिन्यांनी, कुणी सांगू शकत नाही. तुला कळवू नको म्हणालेत. "ती भांडेल, आणि तिच्यापुढे मी कधी जिंकलोय?" फोनवर सांगितलं असतं तर तू मलाही गप्प केलं असतंस आणि मी त्यांना पुन्हा डबी सुरू करायला लावलं असतं. म्हणून पत्र. मिळाल्या दिवशीच नीघ. भांडायचं असेल तर दुकानाच्या दारात माझ्याशी भांड, हवं तितकं. आत मात्र हसऱ्या तोंडानं जा आणि सुट्टी मिळाली म्हणून आले, असं सांग.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई